३९ वा आठवडा : कळा आणायच्या की सरळ सिझर?

मोगरा

पहिलटकरीण, वय ३१, पुणे. सदतीस आठवडे पूर्ण झालेत. मध्यंतरी साखर वाढलेली निघाली. आधी पथ्यावर भागलं, आता रात्री इन्सुलिन घेते. साखर आटोक्यात आहे, बाळाचं डोकं खाली आहे, बीपी ठीक. सोनोग्राफीत वजन ३.३ किलो आलंय, ३९ व्या आठवड्यापर्यंत साडेतीनच्या पुढे जाईल म्हणतात.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे ३९ आठवडे झाले की फार ताणायचं नाही. एक तर दाखल व्हायचं, जेल लावून कळा आणायच्या, नाहीतर तारीख ठरवून सिझर. "दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा." पिशवीचं तोंड अजून घट्ट बंद आहे.

माझा कल सिझरकडे आहे आणि तो का, ते लिहिते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. घरातले "नॉर्मल की सिझर" असं विचारतात. पण मला कुणी नॉर्मल देऊ केलेलंच नाही. देऊ केलंय ते इंडक्शन, म्हणजे औषधाने कळा आणणं. त्यातून नॉर्मल निघेल, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागेल, किंवा रात्री दोनला धावपळीत सिझर होईल. ओळखीत या तिसऱ्या प्रकाराची ढीगभर उदाहरणं आहेत. मग तेच सिझर सकाळी आठला, उपाशीपोटी, सगळे ताजेतवाने असताना का नको?

घरची परिस्थिती : आईचं "आमच्याकडे कुणाचंच सिझर नाही". ३९ पूर्ण होतात ते नेमके पितृपक्षात, म्हणून सासूबाई अनंत चतुर्दशीच्या आत उरकायचं म्हणतात. नवरा म्हणतो "तू म्हणशील तसं". तिघांचाही उपयोग शून्य.

चिंचेचा_कोळ

साफ असहमत. साखर आटोक्यात, डोकं खाली, बीपी नॉर्मल, आणि पोट कापायचं ते केवळ शेजारणीचं काय झालं म्हणून? "कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतला अराइव्ह नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या खेपेच्या सहा हजारांवर बायका होत्या. निम्म्या जणींना ३९ व्या आठवड्यात कळा आणल्या, निम्म्या जणींची वाट पाहिली. कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट पाहिलेल्यांत २२.२. म्हणजे उलट कमीच! आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं तोंड तुझ्यासारखंच कच्चं होतं.

दुसरं, साखर असलेल्या बाईचे टाके चिघळायची भीती जास्त असते. पोटावर टाके घेऊन दर दोन तासांनी बाळाला उचलायचं, हे सकाळी आठच्या सुरेख चित्रात कुठे दिसत नाही.

बारा_वाजून_पाच

@चिंचेचा_कोळ, आकडे बरोबर, पण तुलना कशाशी आहे ते बघा. कळा आणणं विरुद्ध वाट पाहणं. मोगरापुढे वाट पाहण्याचा पर्यायच नाही. त्यात घेतलेल्या बायकाही कमी जोखमीच्या होत्या, इन्सुलिनवरच्या नव्हेत. ठरवून केलेल्या सिझरशी त्या अभ्यासाने तुलनाच केलेली नाही.

आता माझं. संध्याकाळी जेल लावलं, सकाळी दुसरं. दुपारी पाणी फोडलं आणि कळांचं सलाईन सुरू केलं. त्याचा वेग दर अर्ध्या तासाला वाढवतात, आणि प्रत्येक वेळी सिस्टर चाकाला हात लावायला आली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण पुढची कळ आधीच्या कळेचा दम खाली बसायच्या आतच येणार हे पाठ झालं होतं. पोटावर पट्टा बांधलेला, त्यामुळे कुशीवरही वळता येईना. एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) मागितलं तर कळलं की भूलतज्ज्ञ फक्त ऑपरेशनला बोलावतात. चार सेंटीमीटरवर गाडी अडली. मग कागदावर बाळाचे ठोके खाली जायला लागले, पाणी हिरवं झालं (बाळाने आतच शी केली), आणि कुणीतरी नवऱ्यापुढे सहीचा कागद धरला. त्याने न वाचता सही केली. मी त्या खोलीत शुद्धीत होते, मला कुणी काही विचारलं नाही.

बाळ उत्तम आहे, शाळेत जातं. पण "प्रयत्न तर केलास ना" असं कुणी म्हणालं की अजून डोकं फिरतं.

पंत_बारामतीकर

एवढी चर्चा कशाला? आमच्या आईची सात बाळंतपणं घरी झाली. सुईण यायची. ना जेल, ना सलाईन.

चिंचेचा_कोळ

काका, मी नॉर्मलच्या बाजूची असूनही विचारते, एकूण सातच का?

पंत_बारामतीकर

नऊ. दोन राहिली नाहीत.

तालुक्याचा_डॉक्टर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मोगराताई, तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, त्यामुळे काय करा ते सांगणार नाही. पण वर दोन्ही बाजूंनी थोडं चुकीचं चाललंय.

सदतिसाव्या आठवड्यात पहिलटकरणीचं तोंड बंद असणारच. त्यावरून आज निर्णय करू नका. ३९ ला पुन्हा तपासायला सांगा आणि "बिशप स्कोअर किती?" असं स्पष्ट विचारा. १९६४ पासून वापरात असलेली ही साधी मोजणी आहे : तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ की कडक, पुढे की मागे, डोकं किती खाली. आठच्या वर असेल तर कळा आणणं बऱ्यापैकी सोपं जातं. सहा किंवा खाली असेल तर आधी तोंड मऊ करावं लागतं. त्यासाठी जेल आहे, गोळी आहे आणि फोलीचा फुगाही आहे (नळीच्या टोकाचा फुगा, तोंडातून आत सरकवून फुगवतात). फुगा जुना आणि स्वस्त, आणि त्याने कळांचा अतिरेक सहसा होत नाही. मला तो आवडतो. तरुण डॉक्टरांना का आवडत नाही, देव जाणे.

"चार सेंटीमीटरवर अडली" याबद्दल. हल्ली सहा सेंटीमीटरच्या आत खरा वेग धरलाच जात नाही. पाणी फोडून कळांचं सलाईन निदान बारा तास, जमलं तर अठरा, चालवल्याशिवाय "इंडक्शन फेल" म्हणू नये असं म्हणतात, अर्थात बाळाचे ठोके नीट असतील तर. @बारा_वाजून_पाच, तुमच्या बाबतीत ठोके खाली गेले, तिथे थांबणं शक्यच नव्हतं. पण ज्यांना संध्याकाळी सहाला दाखल करून रात्री अकराला "होत नाहीये" सांगतात, त्यांच्या बाबतीत इंडक्शन नव्हे, धीर फेल झालेला असतो. रात्रभर बाळंतीण सांभाळायची तर माणसं लागतात आणि ती खासगीत परवडत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभर सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली आणि खासगीत ४७.४ टक्के. खासगीतल्या बायकांची कंबर एवढी काही अरुंद नसते.

सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे होतं. ३.३ म्हणजे २.९ही असेल आणि ३.७ही. निव्वळ त्या आकड्यावर सिझर ठरवू नका. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना साखर असलेल्या बाईला वजनासाठी सिझर सुचवते ते साडेचार किलोच्या पुढे. आपल्याकडे बायकांची चण लहान, त्यामुळे चारलाच अनेकजण थांबतात, ते मला गैर वाटत नाही.

हिशेबी

रुक्ष मुद्दा, पण कुणीच मांडला नाही. विम्यात प्रसूतीची मर्यादा आणि नॉर्मल-सिझरचे वेगळे आकडे आधी बघून घ्या. ठरवून केलेल्या सिझरला कॅशलेसची मंजुरी आरामात मिळते. कळा आणून मग सिझर झालं की लेबर रूमचं बिल वेगळं, ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) वेगळं. पॅकेज नेमकं कशाचं, ते लेखी घ्या. खर्च पेलणारा नसेल तर सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सिझरही मोफत आहे, औषधं आणि रक्त धरून.

थेम्सकाठची

मी लंडनजवळ असते, मूळची देवगडची. इथे ठरवून सिझर मागितलं तर आधी चर्चा होते आणि तरीही तुम्हाला तेच हवं असेल तर ते देतात. उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेच्या सूचनाच तशा आहेत. आणि डॉक्टर "तुम्ही ठरवा" म्हणाल्या याला नुसती जबाबदारी झटकणं म्हणू नका. इथे तसं विचारण्यामागे नादीन माँटगोमेरी यांचा खटला आहे. स्कॉटलंडमधली ठेंगणी, मधुमेही बाई. बाळाचे खांदे अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के होती, पण सांगितलं तर बाई सिझर मागेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलंच नाही. १९९९ मध्ये बाळंतपणात खांदे बारा मिनिटं अडकले आणि मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला : कोणता धोका महत्त्वाचा हे डॉक्टरने नाही, त्या जागी असलेल्या बाईने ठरवायचं.

साखरेच्या बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदे राहतात, ही भीती काल्पनिक नाही. मी सिझर घेतलं. माझी साखर तुझ्यासारखीच गरोदरपणातली होती.

चिंचेचा_कोळ

माँटगोमेरीबाईंचा मधुमेह आधीपासूनचा होता. आटोक्यातल्या साखरेवर आणि ३.३ किलोवर तो आकडा चिकटवू नका, मुलगी आधीच घाबरली आहे.

आणि एक प्रश्न कुणीच विचारला नाही. मोगरा, अजून मूल हवंय का? एक सिझर सहसा निभावतं. खरी गोष्ट पुढच्या खेपेची. पुढे वार (पिशवीला चिकटून बाळाला पोसणारा गोळा) खाली तोंडाशी बसली आणि आधीचं एक सिझर असलं, तर ती जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या आसपास. आधीची दोन असली तर ४० टक्के. वार खाली बसणं मुळात कमी जणींचं होतं, मान्य. पण रुतलेली वार म्हणजे रक्ताच्या बाटल्या आणि पुष्कळदा पिशवी काढणं. "पुढच्या वेळी नॉर्मल बघू" म्हणणारे सगळे पहिल्या वेळीच भेटतात. दुसऱ्या वेळी दवाखाना शोधत फिरा.

तालुक्याचा_डॉक्टर

हा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे. सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केला तर दहापैकी सहा-सात-आठ जणींचं जमतं, आणि टाका उसवायचा धोका दोनशेत एकीच्या आसपास. पण त्या एकीसाठी ओटी, भूलतज्ज्ञ आणि रक्त अर्ध्या तासात हाताशी लागतं. माझ्याकडे रात्री ते नसतं, म्हणून मी जिल्ह्याला पाठवतो, आणि बहुतेकजणी तिकडे न जाता दुसरं सिझर करून घेतात.

रंगावली

मुहूर्ताचं काय ठरलं? माझ्या जावेचं सिझर अमावस्या टाळायला आठवडाभर अलीकडे आणलं. बाळ भरभर श्वास घेत काचेच्या पेटीत. पत्रिका फार छान आहे म्हणे.

तालुक्याचा_डॉक्टर

३९ च्या आत, कारण नसताना सिझर नको. कळांविना अलीकडे काढलेल्या बाळाच्या फुफ्फुसातलं पाणी लवकर सुकत नाही, आणि मधुमेही आईच्या बाळाला श्वासाचा त्रास तसाही जास्त. ३९ नंतर दुर्वा वाहून तारीख काढा, माझी हरकत नाही. आणि कोणत्याही मार्गाने झालं तरी जन्मल्यावर बाळाची साखर उतरू शकते. तासाभराच्या आत अंगावर पाजायला घ्या, टाचेतून रक्त घेऊन साखर तपासतील, त्याला घाबरू नका. या गोष्टीवर कुणी भांडत नाही, पण पहिल्या दिवशी उपयोग याचाच होतो.

मोगरा

सगळ्यांची आभारी आहे, पंतकाकांचीसुद्धा.

दुसरं मूल हवंय. त्यामुळे चिंचेच्या कोळाने झोप उडवली, हे खरं. सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, ३९ च्या आत नाही. पितृपक्षात आलं तर येऊ दे, आजोबाच आले म्हणा. यावर त्या चक्क हसल्या.

आज दवाखान्यात फोन करून विचारलं. रात्री भूलतज्ज्ञ "ऑन कॉल, वीस मिनिटांत", एपिड्युरल "आधी सांगितलं तर". ३९ ला तपासणी आहे. स्कोअर बरा असेल तर दाखल होऊन कळा आणू देईन. सहाच्या खाली असेल तर सिझर. आणि सहीचा कागद आधी माझ्या हातात यायला हवा, हे नवऱ्याला बजावलंय.

चिंचेचा_कोळ

सहाच्या खाली म्हणजे नापास नव्हे गं. रात्री फुगा घालतील, सकाळी पुन्हा मोजतील. एक रात्र तरी दे त्याला.

बारा_वाजून_पाच

ती रात्र तिची असणार आहे, तुमची नव्हे.

चिंचेचा_कोळ

आणि दुसऱ्या खेपेचं ऑपरेशनही तिचंच असणार आहे.

मोगरा

फुग्याबद्दल डॉक्टरीणबाईंना विचारते. त्या रात्री साखर दर किती तासांनी बघतात आणि इन्सुलिन कसं देतात, हे कुणाला माहीत आहे का? दवाखान्यात फोनवर नीट सांगितलं नाही.