राक्षसाच्या आईची मावशी नगरची

अनघा (ए-७०२): मंडळी, रविवारच्या प्रश्नमंजुषेची तिसरी फेरी माझ्याकडे आहे. विषय जुने भयपट, खेळ आणि इतिहास. प्रत्येकाने एक तरी भन्नाट गोष्ट टाका. अट एकच, खरी हवी. फॉरवर्ड आलं आणि पुढे ढकललं असं नको.

ओंकार (बी-१०४): मी सुरू करतो. हिचकॉकच्या 'सायको' सिनेमातल्या शॉवरच्या खुनाच्या सीनमधलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे चालून गेलं.

देशमुख काका (ए-३०१): ते आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. त्यापुढचं विचार. सुरी अंगात शिरल्याचा आवाज कशाचा? खरबुजात सुरी खुपसून तो आवाज घेतला होता.

अनघा (ए-७०२): दोन्ही बरोबर. आणखी एक घ्या. त्या सीनमध्ये पडद्यामागे दिसणारी आकृती खुन्याचं काम करणाऱ्या अँथनी पर्किन्सची नाहीच. तो त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये एका नाटकाच्या तालमीत होता. जेमतेम पाऊण मिनिटाचा खून, पण चित्रीकरणाला आठवडा लागला. आणि हिचकॉकला तिथे संगीत अजिबात नको होतं! नुसतं पाणी आणि किंकाळ्या. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही लिहिलं, फक्त तंतुवाद्यांसाठी. ऐकल्यावर हिचकॉकने आपलं म्हणणं मागे घेतलं. आवाज बंद करून तो सीन एकदा बघा, मग हरमनने काय केलंय ते कळतं.

मृणाल (सी-५०५): माझ्या डोक्यात ते व्हायोलिन वाजायला लागलंसुद्धा.

शेखर (बी-२०३): माझ्याकडून एक. ड्रॅक्युला कादंबरीत शेवटी उन्हात जळून मरतो, तिथूनच व्हँपायर उन्हाला घाबरायला लागले.

मृणाल (सी-५०५): शेखरदादा, कादंबरीत तसं नाही हो. १८९७ च्या मूळ पुस्तकात तो लंडनमध्ये चक्क दिवसाढवळ्या फिरतो. दिवसा त्याची शक्ती कमी असते, एवढंच. मरतो तोही सुऱ्यांच्या घावांनी. उन्हाने मरणं आलं १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून.

शेखर (बी-२०३): अरेच्चा! मी वर्षानुवर्षं उलटंच सांगत आलोय. दुरुस्त करतो.

अनघा (ए-७०२): मृणाल, हा प्रश्न पक्का. यात पुढचं मला फार लागतं. निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क न घेताच सिनेमा केला होता. कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर, त्याची पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेली, जिंकली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. पण काही प्रती तोवर परदेशी गेल्या होत्या, म्हणून आपल्याला तो आज बघता येतो. बाईंची बाजू शंभर टक्के खरी होती. तरीही तो सिनेमा वाचला याचा मला मनापासून आनंद आहे.

देशमुख काका (ए-३०१): आता जरा मैदानावर या. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरच का? वरचे १९५ मीटर आले कुठून?

ओंकार (बी-१०४): ग्रीसमधून? तो निरोप्या धावला तेवढं अंतर?

देशमुख काका (ए-३०१): नाही. १९०८ चं लंडन ऑलिंपिक. सुरुवात विंडसर राजवाड्यापाशी, शेवट स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर. ते भरलं २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१ मध्ये हेच अंतर कायमचं ठरलं. म्हणजे जगभर लोक शेवटच्या टप्प्यात धापा टाकतात ते राणीला नीट दिसावं म्हणून. त्याच शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री पहिला स्टेडियममध्ये आला तो भेलकांडत, उलट्या दिशेलाच वळला, पुन्हा पुन्हा पडला. पंचांनी धरून रेषेपार नेलं आणि त्या आधारापायीच तो बाद झाला. दुसऱ्या दिवशी राणीने त्याला वेगळा चषक दिला.

मृणाल (सी-५०५): बिच्चारा. मदत त्याने मागितली तरी होती का?

देशमुख काका (ए-३०१): मागायचं भान कुठलं त्याला! बरं, अजून एक, हा माझा सगळ्यात लाडका. शिझो कानाकुरी, जपान, १९१२ चं स्टॉकहोम ऑलिंपिक. त्या दिवशी भयंकर ऊन होतं, पोर्तुगालचा एक धावपटू तर त्यात गेला. कानाकुरी अर्ध्यावर कोसळायला आला, वाटेत एका घरच्या बागेत शिरला, त्या लोकांनी त्याला पाणी-सरबत दिलं. सावरल्यावर तो पंचांना न सांगताच निघून गेला. शर्यत सोडल्याची त्याला फार लाज वाटत होती. स्वीडनच्या कागदोपत्री माणूस बेपत्ता! १९६७ मध्ये त्याला मानाने बोलावलं. पंचाहत्तरीचा गृहस्थ, त्याच गावात धावत रेषा ओलांडली. वेळ नोंदली गेली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद.

शेखर (बी-२०३): काका, ते वरचे २०.३ सेकंद वाचून अंगावर काटा आला.

ओंकार (बी-१०४): क्रिकेटचं राहिलं. १९३९, डर्बन, निकाल लागेपर्यंत खेळायची कसोटी. दहावा दिवस उजाडला. इंग्लंडला ६९६ हव्या होत्या, ५ बाद ६५४ झालेल्या, आणि मायदेशी जाणारी बोट सुटणार म्हणून सामना अनिर्णित! फक्त ४२ कमी.

अनघा (ए-७०२): घेतला. आता इतिहास.

ओंकार (बी-१०४): इतिहास आणि भय एकत्र चालेल ना? इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ च्या एप्रिलमध्ये फुटला. त्याची धूळ आणि वायू वर जाऊन पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनच्या बंगल्यात मंडळी पावसाने अडकली, भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली. अठरा वर्षांच्या मेरीने, पुढच्या मेरी शेलीने, 'फ्रँकेन्स्टाइन' सुरू केलं. बायरनच्या डॉक्टरची, पोलिडोरीची, व्हँपायरची गोष्टही तिथलीच. आणि घोड्यांना दाणा मिळेना म्हणून सायकलचा शोधही त्याच ज्वालामुखीमुळे लागला!

अनघा (ए-७०२): ओंकार, शेवटचं वाक्य सोडून सगळं घेते. कार्ल ड्राइसने १८१७ मध्ये मानहाइममध्ये पायाने ढकलायची दुचाकी चालवली हे नक्की. पण ती दाण्याच्या टंचाईमुळे सुचली हा एका अभ्यासकाचा तर्क आहे. ड्राइसने तसं लिहून ठेवलेलं नाही. तर्क म्हणून सांगू, उत्तर म्हणून नको.

ओंकार (बी-१०४): मान्य.

शेखर (बी-२०३): फ्रँकेन्स्टाइन राक्षसाचं नाव की शास्त्रज्ञाचं, हे एकदा ठरवा. दरवर्षी भांडण होतं.

मृणाल (सी-५०५): शास्त्रज्ञाचं. राक्षसाला नावच नाही.

अनघा (ए-७०२): आणि १९३१ च्या सिनेमाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नटाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे! बोरिस कार्लॉफ हे नाव येतं शेवटी. लेखिकेचं नाव काय दिलंय? 'मिसेस पर्सी बी. शेली'. जिने सगळं रचलं तिचं स्वतःचं नाव नाही.

मृणाल (सी-५०५): हे मला माहीतच नव्हतं. राग आला.

अनघा (ए-७०२): कार्लॉफवर मी दोन रात्री वाचतेय, म्हणून जरा लांबण लावते. रंगभूषेला रोज चार तास. चेहऱ्याला हिरवट रंग, कारण त्या काळच्या फिल्मवर तो प्रेतासारखा पांढुरका उमटायचा. पापण्यांवर मेण. गाल खोल जावा म्हणून त्याने आपले बसवलेले दात काढून ठेवले. तळ्याकाठचा सीन आठवा. छोटी मारिया त्याला फुलं देते, दोघं पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. फुलं संपतात. तीही तरंगेल असं वाटून तो तिला उचलून टाकतो. ती बुडते तेव्हा तो भेदरतो. हा भाग सेन्सॉरने कापला, नेमका त्याने हात पुढे केले तिथे! मग प्रेक्षकाला फक्त हात दिसतात आणि नंतर बाप पोरीचं प्रेत घेऊन येताना दिसतो. मनात भलतंच येतं. कात्रीने तो सीन कितीतरी जास्त भयंकर करून ठेवला. कापलेले तुकडे परत जोडले गेले ते थेट १९८० च्या दशकात.

देशमुख काका (ए-३०१): वा. आणि हाच कार्लॉफ हॉलिवूडच्या क्रिकेट क्लबात खेळायचा. क्लब काढला १९३२ मध्ये ऑब्री स्मिथने. तोही नटच, पण आयुष्यातली एकुलती एक कसोटी खेळला ती इंग्लंडचा कर्णधार म्हणून.

अनघा (ए-७०२): काका, तुम्ही माझ्या शेवटच्या प्रश्नाच्या दारात आलात! कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडन, १८८७. त्याच्या आईची सख्खी मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स, जी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवायला गेली आणि जिच्यावर पुढे नाटक-सिनेमे निघाले. तिचा जन्म कुठला?

शेखर (बी-२०३): इंग्लंड?

अनघा (ए-७०२): ती स्वतः वेल्स सांगायची. खरा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा, आजचं अहिल्यानगर.

मृणाल (सी-५०५): काय सांगतेस!

देशमुख काका (ए-३०१): हे पक्कं आहे ना अनघा? नाहीतर रविवारी सगळे माझ्या अंगावर येतील.

अनघा (ए-७०२): पक्कं आहे काका. वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट होते, ती जन्मायच्या आधीच वारले. घराण्यात भारतीय रक्त असावं असं अभ्यासक मानतात. हे कळलं असतं तर त्या काळी तिला इंग्रज बाई म्हणून कुणी कामाला ठेवलं नसतं, म्हणून तिने जन्मगाव, वय, सगळंच नवं रचलं आणि मरेपर्यंत निभावलं. १९१५ मध्ये माँट्रिअलला वारली. खरं काय ते उजेडात आलं १९७० च्या दशकात, जुन्या नोंदी धुंडाळल्यावर.

ओंकार (बी-१०४): म्हणजे पडद्यावर तो प्रश्नचिन्ह होता आणि घरात ही.

मृणाल (सी-५०५): प्रश्न 'नटाच्या आईची मावशी' असाच विचार. नुसतं 'नातेवाईक' म्हटलंस तर कुणी 'आजी' म्हणून गुण मागेल.

अनघा (ए-७०२): लिहिलं. शेखरदादा, व्हँपायरचा प्रश्न तुम्ही विचारणार का? उत्तर आता तुम्हालाच सगळ्यात पक्कं आहे.

शेखर (बी-२०३): नक्की विचारतो. १९२२, नोस्फेराटू.