धावपट्टीवरची चुकामूक: घरच्या भांडणात घरचाच पंच?

धानोरीकर
आमच्या गच्चीवरून रोज विमानं बघतो, त्यामुळे विषय डोक्यातून जात नाही. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान धावपट्टीवर जोरात पळत असताना समोर जीप आणि एक माणूस! वैमानिकाने वेळेआधीच विमान उचललं, शेपूट धावपट्टीला घासली, पण सगळे सुखरूप पोचले. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, विमानांना सूचना देणारा टॉवर, म्हणजे एटीसीही त्यांचंच. विमान आणि प्रवासी मात्र नागरी. नियम करणारी डीजीसीए आणि अपघात तपासणारं एएआयबी, दोन्ही एकाच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. उद्या चूक नियमातच निघाली तर? अमेरिकेत अपघात तपासणारी एनटीएसबी १९७५ पासून परिवहन खात्यापासून पूर्ण वेगळी आहे. आपल्याकडेही तसंच हवं.

निवृत्त_मेकॅनिक
पाटी बदलली की माणसं बदलतात होय? एएआयबी २०१२ मध्ये काढलं तेच मुळी डीजीसीएपासून तपास वेगळा करायला. आणि काही कामं डीजीसीएनेच तडकाफडकी करायची असतात. ८ जून २०२४, मुंबई: एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावतंय आणि त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचं उतरतंय. टॉवरमधल्या कंट्रोलरला लगेच कामावरून बाजूला केलं. वर्षभर अहवालाची वाट बघायची होती का?

धानोरीकर
काका, दुखणं तेच आहे! आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की असा तपास पुन्हा तसं घडू नये म्हणून करायचा, दोषी शोधायला नाही. आधी माणूस हटवलात तर पुढचा कंट्रोलर स्वतःची चूक कशाला कळवेल? तो गप्पच बसणार.

रेल्वे_क्वार्टरची_लेक
जरा अवांतर. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त कोणत्या मंत्रालयाखाली येतात? नागरी विमान वाहतूक! का, तर रेल्वेने रेल्वेचीच चौकशी करू नये म्हणून. हे शहाणपण रुळांसाठी सुचलं, धावपट्टीसाठी नाही. करा अदलाबदल, विमानांचा तपास द्या रेल्वे बोर्डाकडे :)

निवृत्त_मेकॅनिक
हा हा, हे बरोबर पकडलंत. तरी माझा मुद्दा सोडत नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदावर उतरणारं प्रवासी विमान धावपट्टीवर उभ्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. तटरक्षक विमानातले ५ गेले, प्रवासी विमानातले सगळे ३७९ वाचले. दोन्ही विमानांचा तपास एकाच मंडळाकडे गेला, आणि ते मंडळही परिवहन मंत्रालयाच्याच अखत्यारीतलं बरं का. तरी वर्षाच्या आत अंतरिम अहवाल लोकांसमोर आला. खात्याचं नाव सोडा, कागद बाहेर येतो की नाही ते बघा.

धानोरीकर
कागदाचं मान्य. पण मुंबईचा टॉवर नागरी, आपला लोहगावचा नाही. हवाई दलाच्या टॉवरमधलं संभाषण मागवून जसंच्या तसं छापायची छाती मंत्रालयातल्या कुठल्या बाबूची होईल, तेवढं सांगा.