आग्नेय कोपऱ्याचे काय?

‘फेंगशुई म्हणजे चिनी वास्तुशास्त्रच, तेव्हा नवदांपत्याने दोन्ही बिनदिक्कत एकत्र पाळावीत’ हे मत मला अर्धेच पटते. नैर्ऋत्य दिशा दोन्हीकडे पृथ्वीतत्त्वाची, त्यामुळे शयनगृहापुरते जमून जाते; परंतु आग्नेय कोपरा आपल्याकडे अग्नीचा, म्हणून स्वयंपाकघराचा, तर फेंगशुईत तोच लाकूडतत्त्वाचा आणि धनाचा मानला जातो. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नानंतर कोल्हापूरच्या राजारामपुरीतील तिच्या दोन खोल्यांच्या घरात नेमका याच कोपऱ्यावरून, शेगडी की रोपांची कुंडी, असा वाद आठवडाभर चालला आणि शेवटी नळ जिथे होता तिथेच ओटा झाला.

फेंगशुईबाबत आणखी एक बाब मांडायला हवी. आहेरात हल्ली सर्रास दिली जाणारी बदकांची जोडी ही मँडरिन बदकांची असते आणि चिनी परंपरेत ती दांपत्यनिष्ठेची खूण आहे. प्रत्यक्षात मादी अंडी उबवीत असताना नर बहुधा तिला सोडून निघून जातो! पुतणीकडे अशा तीन जोड्या आल्या. अंबाबाई आणि जोतिबाचे दर्शन करून परतल्यावर तिने त्यांतील दोन शेजारच्या मुलांना खेळायला देऊन टाकल्या.