सिउदाद रेआल: चार वर्षांत तीनदा युरोप जिंकणारा हँडबॉल संघ गेला कुठे?

डावखुरा_विंगर (प्रश्न)

युरोपातील हँडबॉल चॅम्पियन्स लीगच्या विजेत्यांची यादी पाहत असताना एक नाव माझ्या डोक्यात घर करून बसले आहे. २००६, २००८ आणि २००९ असे तीनदा विजेतेपद मिळवणारा बालोनमानो सिउदाद रेआल हा स्पेनचा संघ २०११ नंतर कोणत्याही यादीत दिसत नाही. २०१२ च्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या कील संघाकडून हरलेल्या संघाचे नाव आत्लेतिको माद्रिद असे आहे, पण त्यातले बरेचसे खेळाडू सिउदाद रेआलचेच दिसतात. मग हा संघ विकला गेला, दुसऱ्या संघात विलीन झाला की नुसते नाव बदलले? आणि ज्या गावाचे नाव मी एरवी कधी ऐकलेही नव्हते, त्या गावात इतके मोठे खेळाडू जमले तरी कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुना_गोलरक्षक

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातच आहेत. सिउदाद रेआल हे माद्रिदच्या दक्षिणेला ला मांचा प्रांतातले, पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचे शहर आहे. हा क्लब १९८१ मध्ये स्थापन झाला आणि पहिली कित्येक वर्षे स्पॅनिश हँडबॉलमध्ये त्याला कोणी फारसे विचारत नव्हते. त्या काळात दबदबा होता तो बार्सिलोनाचा, सान्तान्देरच्या तेकाचा, इरूनच्या बिदासोआचा आणि पुढे पाम्प्लोनाच्या पोर्टलँड सान अँतोनिओचा. दोमिंगो दिआस दे मेरा या बांधकाम व्यावसायिकाने क्लबची सूत्रे हाती घेतली आणि स्पेनमध्ये घरबांधणीला जी अभूतपूर्व तेजी आली होती, तिचा पैसा हँडबॉलमध्ये ओतायला सुरुवात केली, तेव्हा चित्र पालटले.

संघाची सूत्रे युगोस्लाव्हियाचा एके काळचा अव्वल खेळाडू वेसेलिन वुयोविच याच्याकडे आली आणि २००२ व २००३ मध्ये लागोपाठ दोनदा युरोपीय कप विनर्स कप (देशोदेशींच्या चषकविजेत्यांची स्पर्धा) जिंकला गेला. २००३ मध्ये पाच हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील असे किहोते अरेना हे घरचे क्रीडागृह मिळाले, ज्याला ला मांचाच्या त्या अजरामर सरदाराचे, म्हणजे डॉन किहोतेचे (डॉन क्विक्झोट) नाव असणे स्वाभाविकच होते. २००४ मध्ये स्पॅनिश लीगचे पहिले विजेतेपद आले. २००५ मध्ये संघाने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत धडक मारली, पण घरच्या मैदानावर बार्सिलोनाला एका गोलने हरवूनही परतीच्या सामन्यात दोन गोलांनी हार पत्करावी लागली आणि एका गोलाच्या फरकाने चषक निसटला.

त्याच वर्षी तालांत दुयशेबायेव प्रशिक्षक झाला, आणि खरा इतिहास तिथून पुढचा आहे. किर्गिझस्तानात जन्मलेला, १९९२ चे ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेला, पुढे स्पेनचे नागरिकत्व घेतलेला हा खेळाडू २००१ पासून याच संघात खेळत होता आणि प्रशिक्षक झाल्यावरही काही काळ त्याने खेळणे सोडले नाही. पहिल्याच मोसमात त्याने अंतिम फेरीत पोर्टलँड सान अँतोनिओला दोन्ही सामन्यांत हरवून युरोपचा चषक आणला, आणि २००७ पासून २०१० पर्यंत लीगची सलग चार विजेतेपदे मिळवली.

सात_मीटर

वरचा आढावा उत्तम आहे. माझ्या दृष्टीने या संघाची उंची कळते ती कीलविरुद्धच्या दोन अंतिम फेऱ्यांमधून, म्हणून त्यांबद्दल थोडे अधिक लिहितो.

त्या काळी अंतिम फेरीही दोन सामन्यांची असे, एक आपल्या घरी आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या, आणि दोन्हींच्या गोलांची बेरीज करून विजेता ठरत असे. २००८ मध्ये सिउदाद रेआल घरच्याच प्रेक्षकांसमोर २७-२९ असा हरला. कीलच्या गोलपोस्टमध्ये तिएरी ओमेयेर, आक्रमणात निकोला काराबातिच आणि परतीचा सामना कीलच्या भरगच्च क्रीडागृहात, असे असताना सिउदाद रेआलला संधी आहे असे म्हणण्याचे धाडस फार थोड्यांनी केले असते. तो सामना त्यांनी ३१-२५ असा जिंकला. पुढच्या वर्षी क्रम उलटा होता: आधी कीलमध्ये ३४-३९ अशी हार, म्हणजे पाच गोलांची पिछाडी, आणि मग घरी ३३-२७. एकूण ६७-६६.

२००९ च्या त्या फेरीत एक गमतीशीर धागा आहे. कीलचा प्रशिक्षक होता आइसलँडचा आल्फ्रेद गिस्लासन, आणि समोर सिउदाद रेआलच्या उजव्या बाजूने खेळत होता त्याचाच देशबांधव ओलाफुर स्टेफान्सन. या दोघांनी २००२ मध्ये जर्मनीच्या माग्देबुर्ग संघासाठी एकत्र युरोपचा चषक जिंकला होता. डावखुऱ्या स्टेफान्सनचा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जुनी चित्रफीत शोधून जरूर पाहावी. उडी घेतल्यावर चेंडू गोलकडे जाणार की पिव्हटच्या (गोलसमोर बचावफळीत घुसून उभ्या सहकाऱ्याच्या) हाती, हे बचाव करणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे.

जुना_गोलरक्षक

स्टेफान्सनचे कौतुक योग्यच आहे, पण मी मागच्या टोकाचा माणूस असल्याने आर्पाद श्टेर्बिक आणि होसे हाविएर ओम्ब्रादोस यांच्याकडे दुर्लक्ष होऊ देणार नाही. श्टेर्बिक २००५ चा जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, आणि गोलरक्षकाच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. ओम्ब्रादोस त्याच वर्षी विश्वविजेत्या ठरलेल्या स्पेनच्या संघात होता. असे दोन गोलरक्षक एकाच बाकावर असणे ही चैन होती. त्यांच्या पुढे बचावाच्या मध्यभागी फ्रान्सचा दिदिए दिनार उभा असे. तो आक्रमणात जवळजवळ जातच नसे. चेंडू ताब्यात आला की धावत बाहेर जायचा आणि त्याच्या जागी आक्रमक खेळाडू आत यायचा. अनेकांना या खेळाडूचे नाव आठवत नाही, कारण गोलांच्या तक्त्यात ते सापडतच नाही.

बाकी नावेही कमी तोलामोलाची नव्हती. क्युबात जन्मलेला पिव्हट रोलांदो उरिओस, डाव्या विंगेवर स्वीडनचा योनास शेल्मान, स्लोव्हेनियाचा उरोश झोरमान, मिन्स्कमध्ये जन्मलेला आणि एकाहून अधिक देशांकडून खेळलेला सियार्हेई रुतेन्का, आणि या सर्वांच्या मध्ये स्पेनचा अल्बर्टो एन्त्रेरिओस. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला सुवर्ण, आइसलँडला रौप्य आणि स्पेनला कांस्य मिळाले. तिन्ही पायऱ्यांवर या एका क्लबचे खेळाडू उभे होते.

हिशोबनीस

मी थोडा विरोधी सूर लावतो. खेळाडूंची ही यादी वाचताना आनंद होतो हे खरे, पण यातला कोणता मोठा खेळाडू त्या गावात घडला? एका माणसाच्या पैशाने जगभरातून माणसे आणून उभारलेला हा डोलारा होता. २००८ मध्ये स्पेनचा बांधकाम व्यवसाय कोसळला आणि त्यानंतर पाच वर्षांत क्लब संपला. बार्सिलोनाच्या हँडबॉल विभागामागे फुटबॉल क्लबची सभासदसंख्या आणि उत्पन्न आहे, जर्मन संघांमागे तिकीटविक्री आणि दूरचित्रवाणीचा पैसा आहे. पाच हजारांचे क्रीडागृह प्रत्येक सामन्याला भरले तरी श्टेर्बिक आणि स्टेफान्सन यांचे पगार त्यातून निघणे शक्य नव्हते.

त्यातही स्पेनमध्ये ही एकट्या सिउदाद रेआलची गोष्ट नाही. १९९४ मध्ये युरोपचा विजेता ठरलेला सान्तान्देरचा क्लब २००८ मध्ये बंद पडला आणि २००१ चा विजेता पोर्टलँड सान अँतोनिओ २०१३ मध्ये. म्हणजे स्पेनला युरोपचा चषक मिळवून देणाऱ्या पाच क्लबांपैकी तीन आज अस्तित्वात नाहीत.

डावखुरा_विंगर

सर्वांचे आभार. पण आत्लेतिको माद्रिदचे कोडे अजून सुटलेले नाही. फुटबॉल क्लबाने हा संघ विकत घेतला होता का?

सात_मीटर

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. २०११ च्या उन्हाळ्यात क्लब माद्रिदला हलवण्यात आला आणि आत्लेतिकोशी झालेल्या करारानुसार त्याला फुटबॉल क्लबचे नाव, लाल-पांढरे पट्टे आणि बोधचिन्ह वापरता आले. अध्यक्षपद मात्र दिआस दे मेरा यांच्याकडेच राहिले. आत्लेतिकोचा स्वतःचा जुना हँडबॉल विभाग १९९२ मध्ये बंद झाला होता. मोठ्या शहरात मोठे प्रायोजक मिळतील, वीस वर्षे हँडबॉलला मुकलेला आत्लेतिकोचा चाहता येईल, असा हिशोब होता. प्रेक्षक व्हिस्तालेग्रेच्या क्रीडागृहात आलेही. पुरेसा पैसा मात्र आला नाही. जाता जाता: त्या जुन्या आत्लेतिकोला १९८५ च्या युरोपीय अंतिम फेरीत युगोस्लाव्हियातील शाबाच येथील मेतालोप्लास्तिका संघाने हरवले होते, आणि त्या विजेत्या संघात वुयोविच खेळत होता.

खेळाच्या दृष्टीने माद्रिदमधील दोन वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही. २०१२ व २०१३ चे स्पेनच्या राजाचे चषक (कोपा देल रे) आणि २०१२ चा क्लबांचा जागतिक चषक त्यांनी जिंकला. पण श्टेर्बिक, दिनार, एन्त्रेरिओस आणि फ्रान्सचा विंगर ल्युक अबालो २०१२ मध्येच बाहेर पडले आणि जुलै २०१३ मध्ये कर्जाखाली दबलेला क्लब बंद झाल्याचे जाहीर झाले. २००२ मध्ये आलेला शेल्मान तोपर्यंत, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, संघात होता.

आता हिशोबनीस यांच्या मुद्द्याकडे येतो. पैशाविषयी ते म्हणतात त्यात खोट नाही. माझा आक्षेप 'डोलारा' या शब्दाला आहे, कारण त्या बाकावर जे शिकले गेले ते क्लबबरोबर संपले नाही. दुयशेबायेव २०१४ च्या सुरुवातीला पोलंडच्या कीएल्त्से संघाकडे गेला आणि २०१६ मध्ये त्या संघाने उत्तरार्धात नऊ गोलांची पिछाडी भरून काढत पेनल्टींवर युरोपचा चषक जिंकला; निर्णायक पेनल्टी मारणारा पिव्हट हुलेन अगिनागाल्दे हा त्याचा सिउदाद रेआलमधलाच खेळाडू होता. पुढच्या वर्षी मॅसेडोनियाचा वार्दार स्कोपिए संघ विजेता ठरला, तेव्हा प्रशिक्षक होता राउल गोन्सालेस, म्हणजे दुयशेबायेवचा जुना सहायक, आणि गोलमध्ये होता श्टेर्बिक. २०१९ मध्ये वार्दारने पुन्हा चषक उचलला तो रोबेर्तो गार्सिया पारोंदोच्या मार्गदर्शनाखाली, आणि तोही सिउदाद रेआलचा उजवा विंगर. दिनार फ्रान्सचा प्रशिक्षक झाला आणि २०१७ मध्ये विश्वविजेता ठरला.

हिशोबनीस

हे मान्य आहे, आणि वार्दारचा धागा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही मला वाटते की या वारशाचा लाभ कीएल्त्से, स्कोपिए आणि पॅरिस यांना झाला. स्पेनच्या लीगला नाही. २०१०-११ पासून तिथे दरवर्षी बार्सिलोनाच विजेता ठरत आला आहे, आणि ज्या लीगमध्ये एके काळी शेवटच्या फेरीपर्यंत उत्सुकता टिकून असे तिथे आता दुसऱ्या क्रमांकाचीच चर्चा चालते.

जुना_गोलरक्षक

एक लहानशी भर. सिउदाद रेआलमधून हँडबॉल गेलेले नाही. कासेरियो नावाचा क्लब तिथे आहे आणि तो त्याच किहोते अरेनात खेळतो. २००९ चा ६७-६६ ज्या लाकडी जमिनीवर झाला तिथे आज खेळणाऱ्यांत त्या भागातली मुलेही आहेत, एवढे हिशोबनीस यांच्या पहिल्या प्रश्नासाठी सांगून ठेवतो.