लिब्रेएनएमएस: १ जीबीपीएस पोर्टचा ग्राफ ११४ च्या वर जातच नाही

प्रश्न: लोअर परळच्या ऑफिसात १८ स्विच लिब्रेएनएमएसवर (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलेत. रात्री ११ ला बॅकअप सुटतो, ६० जीबी १० मिनिटांत जातो, म्हणजे साधारण ८०० एमबीपीएस. ग्राफ मात्र ११४ एमबीपीएसच्या आतच, तोही वेडावाकडा. केबल बदलली, पोर्ट बदलला. दोन रात्री जागलोय, काय चुकतंय?

उत्तर १: केबलला हात लावू नका. स्विच एसएनएमपी (उपकरणांकडून आकडे मागवायची पद्धत) च्या जुन्या आवृत्तीवर, व्ही१ वर जोडलाय का? व्ही१ मध्ये ६४ बिटचा काउंटर (पोर्टवरून गेलेले बाइट मोजणारा आकडा) येतच नाही. ३२ बिटचा काउंटर पूर्ण १ जीबीपीएसला ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि तुमचं पोलिंग, म्हणजे तो आकडा वाचणं, ५ मिनिटांनी. मधल्या फेऱ्या कुणी मोजल्याच नाहीत. व्ही२सी करा, त्यात ६४ बिटचा मिळतो.

उत्तर २: आधी एसएनएमपीवॉक (स्विचकडचे आकडे दाखवणारी कमांड) मारून 'आयएफएचसीइनऑक्टेट्स', म्हणजे तो ६४ बिटचा काउंटर, येतंय का बघा. आणि कम्युनिटी (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) अजून 'पब्लिक' असेल तर आजच बदला, हे मी कळकळीने सांगतो.

प्रश्नकर्ता: व्ही१ च होतं! बदललं. काल रात्री ११:०५ ला ७९० दिसले. कम्युनिटीही बदलली. मनापासून आभार.