तिन्ही सिस्टिम्स एका नेटवर्कवर असतील तर फक्त सांबाच वापरावं का?

सामायिक (धागाकर्ता)
विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच नेटवर्कवर असतील तर सामायिक फोल्डरसाठी एसएमबी (नेटवर्कवर फाइल वाटण्याची पद्धत) सोडून दुसरं काही वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. विंडोजमध्ये ते मुळातच असतं. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून स्वतःची जुनी पद्धत एएफपी मागे सारून एसएमबी २ पुढे आणलं. लिनक्सवर एसएमबी चालवणारा सांबा आहेच. पोर्ट एकच उघडायचं, ४४५. एनएफएसवाल्यांनी (ही युनिक्स-लिनक्सची फाइल वाटण्याची पद्धत) सांगावं, विंडोज होमचं काय करणार? तिथे एनएफएसचा क्लायंटच मिळत नाही.

अट एकच: एसएमबी १ बंद ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर त्याच भगदाडातून पसरलं. एखादा जुना स्कॅनर अडून बसला तर त्याची वेगळी सोय करा, पण त्याच्यासाठी सगळ्यांचं दार उघडू नका.

पोर्ट२०४९
साफ असहमत. दोन लिनक्स मशीनच्या मध्ये सांबा घालणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. फाइलची मालकी, एक्झिक्यूट बिट (फाइल चालवण्याची परवानगी), सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) हे सगळं एनएफएसवर जसंच्या तसं राहतं. सीआयएफएसने (लिनक्सच्या एसएमबी क्लायंटने) शेअर साधं माउंट करून, म्हणजे जोडून बघा: यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) दिला नाही तर सगळ्या फाइल रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या नावावर दिसतात, आणि दिला तर सगळ्या त्या एकाच वापरकर्त्याच्या. परवानग्या बदलणारं सीएचमॉड चालवा, काहीच बदलत नाही. अशा फोल्डरमध्ये कोड बिल्ड करायला घेतला की अडचणी सुरू होतात.

आणि एका पोर्टचं कौतुक नको. एनएफएस ४ लाही २०४९ पुरतं. १११ आणि बाकीची पोर्टं आवृत्ती ३ ला लागतात.

सामायिक
मालकी जशीच्या तशी राहते, पण कुणाच्या भरवशावर? नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लायंट सांगेल तो यूआयडी सर्व्हर खरा मानतो. कुणीही स्वतःच्या लॅपटॉपवर १००० क्रमांकाचा वापरकर्ता तयार करावा आणि तुमच्या १००० क्रमांकाच्या माणसाच्या फाइल वाचाव्यात. सर्व्हरवरचा रूट स्क्वॉश हा पर्याय फक्त शून्य क्रमांक, म्हणजे रूट अडवतो. हे टाळायचं तर वापरकर्त्याची खरी ओळख पटवणारं केरबेरॉस उभं करा. तो प्राणायाम कमी आहे का?

अक्षरवाटा
मॅकचा विचार दोघांनीही केलेला दिसत नाही. मॅकवरून एनएफएस माउंट करताना ‘परवानगी नाही’ असा एरर येतो, कारण मॅक १०२४ च्या वरच्या पोर्टवरून बोलतं आणि लिनक्स सर्व्हर ते नाकारतो. माउंट करताना ‘रिझर्व्हपोर्ट’चा (resvport) पर्याय द्या, सर्व्हरवर ‘इनसिक्युअर’ (वरची पोर्टंही चालवून घेणारा पर्याय) लावण्यापेक्षा ते बरं.

दुसरी अडचण मराठी नावांची. ‘दुसऱ्या’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असा तोडून. मॅकचे प्रोग्राम बऱ्याचदा तोडलेलं रूप पाठवतात, आणि लिनक्स सर्व्हर मिळालेले बाइट तसेच ठेवतो. मग फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या तिमाहीचा अहवाल’ डोळ्यांना दिसतो, पण लिनक्सवर टाइप करून शोधला तर सापडत नाही. कधी एकाच नावाच्या दोन फाइल शेजारी शेजारी बसतात. मॅकच्या एनएफएस माउंटमध्ये ‘एनएफसी’ (नावं जोडलेल्या रूपात पाठवणारा) हा पर्याय याचसाठी आहे. तो पहिल्या दिवसापासून लावा, नंतर नावं सुधारत बसणं फार किचकट आहे.

सांबावर मॅकसाठी कॅटिया, फ्रूट आणि स्ट्रीम्स-एक्सॲटर ही मॉड्यूल्स याच क्रमाने द्या. एनएफएसवर टिंब आणि अधोरेखेने सुरू होणाऱ्या जोडफाइलींचा जो कचरा साठतो, तो इथे टळतो.

कुलूपकिल्ली
सांबाच्या बाजूने एक भर. विंडोजवरून जोडणी होत नसेल तर सर्व्हरला दोष देण्याआधी तीन गोष्टी तपासा. मायक्रोसॉफ्ट खात्याने चालणाऱ्या मशीनवरचं शेअर उघडताना पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. एरर १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरला आधीच दुसऱ्या नावाने जोडणी झालेली आहे, जुनी तोडा. आणि ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हर दिसत नाही म्हणजे तो बंद आहे असं नाही. आयपी पत्ता टाकून बघा. यादीत दिसायला हवा असेल तर लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी (विंडोजच्या यादीत सर्व्हरची नोंद करणारा प्रोग्राम) चालवा.

पोर्ट२०४९
विंडोज होम आणि अनोळखी लॅपटॉपचा मुद्दा मान्य. म्हणून एनएफएस फक्त आपल्या ताब्यातल्या ठरावीक आयपीच्या लिनक्स मशीनना, बाकीच्यांना तोच फोल्डर सांबावरून.

सामायिक
तोच फोल्डर नको! विंडोजवर फाइल उघडली की सांबा तिला ऑपलॉक (बदल स्वतःकडे राखून ठेवण्याची मुभा) देतो, आणि विंडोज बदल स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतं. तेवढ्यात एनएफएसवरून कुणी लिहिलं तर विंडोजला त्याचा पत्ताच नसतो, आणि नंतर जो सेव्ह करतो तो आधीच्याचं काम पुसून टाकतो. दोन्ही वाटांनी द्यायचंच असेल तर त्या शेअरवर ऑपलॉक्स बंद करा. वेग घटेल, ते सोसा. नाहीतर एनएफएसची बाजू फक्त वाचण्यापुरती ठेवा. तेव्हाही विंडोजने अजून न पाठवलेला बदल तिथे दिसणार नाही, पण निदान कुणाचं लिहिलेलं पुसलं जाणार नाही.