मदत हवी आहे: आर्पेजिओ दुसऱ्या ओळीपासून घसरतो, शनिवारी कार्यक्रम आहे

पेटीवाला_पोर (मालगुंड, जि. रत्नागिरी), मंगळवार रात्री ११:४०

मंडळी, अर्जंट आहे. शनिवारी माघी गणपतीचा कार्यक्रम आहे आणि आमच्या वाडीचा ग्रुप पहिल्यांदाच ट्रॅक न लावता वाजवणार आहे. एका जुन्या डिस्को गाण्यात मागे ते टुकटुकटुकटुक सतत चालू असतं ना, ते मी सिंथवर आर्पेजिएटर (धरलेल्या कॉर्डचे सूर एकेक करून आपोआप वाजवणारी सोय) लावून करतोय. सुरुवात झकास होते, मग घसरतं. ऑक्टापॅडची सम एकीकडे, माझी भलतीकडे. टेम्पो दहा वेळा तपासला, बरोबर आहे. सिंथ बिघडलाय की सेटिंग? उद्या रात्री प्रॅक्टिस आहे, त्याच्या आधी सांगा.

सूरपारंबी (पुणे), मंगळवार रात्री ११:५२

सिंथ कुठला? गाणं कुठलं? टेम्पो किती, कॉर्ड कुठले, आर्पचा टाइप कुठला? "घसरतं" एवढ्यावर कोण काय सांगणार?

चाकरमानी_डोंबिवली, बुधवार सकाळी ७:०५

एवढी डोकेफोड कशाला? मायनस ट्रॅक (गाणाऱ्याचा आवाज काढलेलं तयार रेकॉर्डिंग) घे, मोबाइल मिक्सरला लाव, तू वर नुसते कॉर्ड धर. आम्ही इकडे सगळे कार्यक्रम असेच करतो. पब्लिकला काही कळत नाही.

शिरोड्याचो (सिंधुदुर्ग), बुधवार सकाळी ७:३०

सिंथ खयचो ता सांग आदी. आणि त्या डोंबिवलीकराचा ऐकू नको, तो म्हणता ट्रॅक न लावता वाजवतो आणि ह्यो म्हणता ट्रॅक लाव. आमच्या दशावतारात पायपेटी, पखवाज आणि झांज. रात्रभर नाटक चलता. क्लॉक नाय, घड्याळ नाय. अजून काय घसरूक नाय.

पेटीवाला_पोर, बुधवार सकाळी ८:१५

मॉडेल सांगता येत नाही. सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने नावावर गणपतीचा स्टिकर चिकटवलाय आणि तो काढायला आई देत नाही. खालच्या लेबलवर पाणी जाऊन सगळं पुसलंय. मॅन्युअल नाही. आर्पचं बटण दाबून धरलं की स्क्रीनवर एवढंच येतं: टाइप, ग्रिड, ऑक्ट, गेट, होल्ड. माझ्याकडे टाइप "अप", ग्रिड १/१६, ऑक्ट १ (एकच सप्तक), होल्ड ऑन (बोटं उचलली तरी वाजत राहतं). टेम्पो १२८. गाणं सगळ्यांना माहीत असलेलंच आहे.

आगरी_बीट (अलिबाग), बुधवार सकाळी ९:००

लेबलवर पाणी गेलंय म्हणजे आतही गेलं असेल. आपल्याकडे खाऱ्या हवेत कळांखालच्या रबराच्या पट्टीवर ओल धरते, मग एखादी कळ दोनदा वाजते किंवा वाजतच नाही. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालू ठेवत जा, आतली ऊब राहते. नवीन घेणार असशील तर कव्हर चांगलं घे.

पेटीवाला_पोर, बुधवार सकाळी ९:१०

कळा सगळ्या वाजतायत हो. नवीन घेणार नाहीये.

सूरपारंबी, बुधवार सकाळी १०:२०

गाणं सांगितलं नाहीस ते नाहीसच. असो. कॉर्ड आणि बोटं किती ठेवतोस ते लिही, बाकी मला टाइप "अप" मध्येच कळलं.

पेटीवाला_पोर, बुधवार सकाळी १०:३१

ए मायनर, एफ, सी, जी. प्रत्येकी एक बार, म्हणजे चार मात्रा. तीन बोटं, नेहमीसारखी.

सूरपारंबी, बुधवार सकाळी १०:५८

मग सिंथ ठणठणीत आहे. "अप" म्हणजे दाबलेले सूर खालून वर, परत खालून वर. ए मायनरला तू ए, सी, ई धरतोस. वाजतं काय? ए-सी-ई, ए-सी-ई, ए-सी-ई. तीनचा फेरा. गाणं चारात आहे आणि १/१६ ग्रिडवर एका मात्रेत चार सूर बसतात. म्हणजे पहिल्या मात्रेवर ए, दुसरीवर सी, तिसरीवर ई, चौथीवर पुन्हा ए. बारमध्ये सोळा सूर, सोळाला तीनाने भाग जात नाही. पुढच्या बारची सम फेऱ्याच्या मधल्या सुरावर येते आणि तिथून तुझा तोल जातो. टेम्पो तपासून काय होणार, टेम्पो बरोबरच आहे.

टाइप "अप-डाउन" कर. ए-सी-ई-सी, चार सूर, चारचा फेरा. हा दोन प्रकारचा असतो हे मात्र बघ. टोकाचे सूर दोनदा वाजवणारा मिळाला तर ए-सी-ई-ई-सी-ए असे सहा होतात. तो नको.

कळफलक (रत्नागिरी), बुधवार दुपारी १:१५

निदान बरोबर, औषध चूक. त्या काळच्या डिस्कोत ती ओळ वर चढते आणि धपकन खाली येऊन परत चढते. अप-डाउनने ती घरंगळल्यासारखी वाटेल. टाइप अपच ठेव आणि चौथं बोट वरच्या ए वर टाक: ए-सी-ई-ए. चार झाले, चालही तीच राहिली. ऑक्ट १ चा २ करून वरचा ए मिळेल असं मात्र समजू नकोस, तिन्ही सूर वरच्या सप्तकात पुन्हा वाजतील आणि सहाचा फेरा होईल.

सूरपारंबी, बुधवार दुपारी १:४०

गाणं कुठलं ते त्याने सांगितलेलंच नाही, तुम्हाला चाल कशी कळली?

कळफलक, बुधवार दुपारी १:४४

पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढलीत.

गुरुकुल_हार्मोनियम, बुधवार दुपारी २:३०

यंत्राच्या नादी लागलात की असंच होतं. हाताने वाजवायला शिका. आमच्या वेळी पलटे घोटून घ्यायचे.

कळफलक, बुधवार दुपारी २:४१

१२८ च्या लयीत सिक्स्टीन्थ म्हणजे सेकंदाला साडेआठ सूर, पाच मिनिटं, एकाच वजनाने. तुम्ही शनिवारी मालगुंडला या, आम्ही ऐकायला येतो.

गुरुकुल_हार्मोनियम, बुधवार दुपारी २:५५

वय विचारात घ्या हो.

निशाचर (नगर), बुधवार दुपारी ३:२०

या सततच्या टुकटुकीवरून आठवलं. 'द हू' या इंग्लिश बँडच्या १९७१ सालच्या 'बाबा ओ'रायली'ची सुरुवात सगळे सिंथेसायझरची समजतात. प्रत्यक्षात तो लॉरी कंपनीचा ऑर्गन आहे. त्यात मारिम्बा रिपीट नावाची सोय होती: कॉर्ड धरून ठेवायचा, सूर आपोआप ठोकत राहतात. आणि नावातले बाबा म्हणजे आमच्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. त्या बँडचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त.

आगरी_बीट, बुधवार दुपारी ३:३४

परदेशात कशाला जाता? मुंबईत चरणजीत सिंगांनी १९८२ साली रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथवर राग भरून ठेवले होते. एकेक सूर, एकेक स्टेप. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, आता गोरे लोक त्याला अॅसिड हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा पूर्वज म्हणतात.

शिरोड्याचो, बुधवार दुपारी ३:५०

पोराचा शनिवारी काय होतला ता बगा रे कोणतरी.

पेटीवाला_पोर, बुधवार रात्री ११:२५

प्रॅक्टिस झाली. दोन्ही करून पाहिलं. अप-डाउन आमच्या गाण्याला बरं वाटतं, कळफलक दादा सॉरी. पहिला बार एकदम बसला, ऑक्टापॅडवाला चुलतभाऊ पण म्हणाला वा. पण दोन भानगडी आहेत. एफला गेलो की काहीतरी कडू वाजतं. आणि जी आला की पुन्हा घसरतं, मग शेवटपर्यंत घसरलेलंच. सिंथच खराब आहे असं सगळे म्हणायला लागलेत.

सूरपारंबी, बुधवार रात्री ११:४१

जीला किती बोटं?

पेटीवाला_पोर, बुधवार रात्री ११:४३

चार. जी सेव्हन आहे तो.

सूरपारंबी, बुधवार रात्री ११:४४

हे सकाळी का नाही लिहिलंस?

पेटीवाला_पोर, बुधवार रात्री ११:४५

जी लिहिलं होतं की.

सूरपारंबी, गुरुवार रात्री १२:०२

चार बोटांचा अप-डाउन म्हणजे जी-बी-डी-एफ-डी-बी. सहा. परत तेच दुखणं. डी सोडून दे. जी, बी, एफ एवढंच धर: जी-बी-एफ-बी, चार. सेव्हनची चव बी आणि एफमध्ये आहे, डी गेल्याचं कोणाला कळणार नाही, बेसवाला असेल तर अजिबातच नाही.

एफचं कोडं वेगळं आहे. ए मायनरवरून एफला जाताना बोटं कशी सरकवतोस?

पेटीवाला_पोर, गुरुवार सकाळी ६:५०

ए आणि सी तसेच दाबलेले ठेवतो, फक्त ई चं बोट एफवर सरकवतो. पेटीच्या सरांनी तसंच शिकवलंय, सामाईक सुरावरचं बोट उचलायचं नाही, नाहीतर सूर तुटतो.

कळफलक, गुरुवार सकाळी ७:२०

सापडलं! सरांचं पेटीसाठी शंभर टक्के बरोबर आहे. पण तुझा होल्ड ऑन आहे. होल्ड असताना एकही बोट दाबलेलं राहिलं तर बऱ्याच सिंथना वाटतं की तू जुन्याच कॉर्डमध्ये भर घालतोयस. म्हणून ई सुटत नाही. ए-सी-ई-एफ असे चार सूर फिरतात, त्यात ई आणि एफ शेजारी. तोच तुझा कडूपणा. आणि चार सूर झाले म्हणजे अप-डाउन सहाचा, घसरायला तिथूनच सुरुवात होते.

कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचल, क्षणभरच, आणि नवा कॉर्ड अगदी समेवर दाब. होल्डमुळे मधे आवाज तुटणार नाही. बहुतेक सिंथवर फेराही नव्याने पहिल्या सुरापासून सुरू होतो, म्हणजे आधी काही चुकलं असेल तर तिथे धुऊन निघतं. किंवा होल्ड ऑफ कर आणि बोटं सरकव, पण मग एकदा घसरलं की घसरलं.

सूरपारंबी, गुरुवार सकाळी ७:४८

हे मान्य. होल्ड माझ्या लक्षात आला नव्हता.

चाकरमानी_डोंबिवली, गुरुवार सकाळी ९:१५

ऑक्टापॅड लाइव्ह आहे ना? मग हे सगळं करूनही घसरणार. माणूस पुढेमागे होतोच, आर्प होत नाही. ऑक्टापॅडमधून मिडी केबल (वाद्यं एकमेकांना जोडणारी) सिंथला जोड, म्हणजे सिंथ त्याच्या तालावर चालेल.

कळफलक, गुरुवार सकाळी ९:४०

पहिलं वाक्य खरं, शेवटचं घोटाळ्याचं. पॅडवर काठी मारली की केबलमधून जाते ती नोट. आर्पला लागतं क्लॉक, एका मात्रेला २४ टिकटिक. ते पाठवणारं यंत्र आत चालू असावं लागतं. आणि क्लॉक एक्स्टर्नल करून ठेवलं आणि स्टेजवर कोणाचा पाय केबलला लागला, तर आर्प जागेवर बंद. उलटं करा. सिंथचा मेट्रोनोम हेडफोनच्या भोकातून चुलतभावाच्या एका कानात द्या. तो आर्पमागे जाईल.

चाकरमानी_डोंबिवली, गुरुवार सकाळी ९:५२

हेडफोन लावला की स्पीकरचा आवाज बंद होतो.

कळफलक, गुरुवार सकाळी ९:५५

आतल्या स्पीकरचा. स्टेजवर लाइन आउटमधून मिक्सरला जाणार ना? लाइन आउट बहुतेक यंत्रांवर चालूच राहतो. फक्त मेट्रोनोमचा आवाज मिक्सरलाही जात नाही ना, ते आधी तपासा. नाहीतर सगळी वाडी टिकटिक ऐकेल.

पेटीवाला_पोर, शुक्रवार रात्री ११:५०

बसलं!!! सगळी बोटं उचलली आणि एफचा कडूपणा गेला. दोन दिवस सिंथला शिव्या घालत होतो. बोटं उचलायची सवय नाही म्हणून आज दुपारभर सिंथ बंद ठेवून नुसता सराव केला, आई म्हणाली मुक्याने काय वाजवतोयस. जीतला डी पण सोडला. मेट्रोनोम मिक्सरलाही जात होता, मग भावाच्या कानात दिलाच नाही. त्याने आर्पचाच मॉनिटर बाजूला ओढून घेतला आणि बरोबर चालला. मधे लाईट गेली, परत आली तेव्हा सिंथ पुन्हा "अप" वर! सेव्ह करायचं राहिलं होतं. आता केलंय.

एकच राहिलं. डिस्कोनंतर लगेच कोळीगीत आहे, त्यालाही मागे टुकटुक हवीय असं भाऊ म्हणतो. तिथे अप-डाउन लावलं तर ठेक्यात बसतच नाही.

शिरोड्याचो, शनिवार सकाळी ६:४०

आज कार्यक्रम आणि आता इचारता!

सूरपारंबी, शनिवार सकाळी ७:१०

कोळीगीत सहाच्या ठेक्यात आहे, मोठ्या दोन मात्रा, प्रत्येकीत तीन. टेम्पो त्या मोठ्या मात्रेवर धर, ग्रिड १/८ ट्रिपलेट कर, तीन बोटं ठेव आणि टाइप "अप".

पेटीवाला_पोर, शनिवार सकाळी ७:१४

अप? म्हणजे आधी होतं तेच?

सूरपारंबी, शनिवार सकाळी ७:१५

तेच. आणि हेही सेव्ह कर.